दिगंबरपंतांची कडू बियर

एका जंगलात, मुलांनो, एक सुशिक्षित टेकडी होती.

टेकडी सुशिक्षित कशी असेल, असं विचारू नका. जिथले रहिवासी एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त सूचना लावतात, ती टेकडी सुशिक्षित समजावी. या टेकडीवर ओळीने गुहा होत्या. प्रत्येक गुहेच्या तोंडाशी एक मोठा दगड होता आणि तो आतून लावायची सोय होती. बाहेर कुणी आलं की आधी फटीतून बघायचं, आणि मग आपण घरी नाही असं ठरवायचं, अशी तिथली पद्धत होती.

टेकडीच्या मधोमध छान अंगण होतं. अंगणात बेहड्याचं झाड होतं आणि झाडाखाली बसायला सपाट दगड होते. त्या दगडांवर कुणीही बसत नसे. ते स्वच्छ राहावेत म्हणून तशी सूचनाच होती.

सूचना लावायचं काम सुलभाताई साळिंदर करायच्या. त्या टेकडीच्या चिटणीस होत्या. ‘अंगणात चिखल आणू नये’ ही सूचना इंदूबाई रानडुकरिणीसाठी होती. ‘दुसऱ्याच्या भिंतीवर चढू नये’ ही अण्णा घोरपडांसाठी होती. सूचनेत नाव कुणाचंच नसे, पण वाचणाऱ्याला बरोबर लागे. सुलभाताईंच्या अंगावर काटे असल्यामुळे त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. त्या म्हणायच्या, मला मुळात गर्दी आवडतच नाही. मोठी माणसं असंच म्हणतात. तुम्हीही मोठे झालात की म्हणाल.

आणि शेवटच्या गुहेत राहायचे दिगंबरपंत अस्वल.

पंतांची बायको मागच्या थंडीत वारली होती. मुलं नदीपलीकडच्या प्रगत जंगलात स्थायिक झाली होती. अधूनमधून थोरला मुलगा पलीकडच्या काठावर येऊन ओरडायचा, “बाबा, जेवलात का?” पंत उत्तर द्यायचे. ते नदीच्या आवाजात वाहून जायचं, आणि मुलगा समाधानाने परत जायचा. पंतांच्या गुहेत दिवसभरात कुणाचा आवाज होत नसे. कधीकधी ते स्वतःशीच मोठ्याने खाकरत. घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून. ते फार एकटे होते, मुलांनो. इथे हसायचं नाही. हसायचं पुढे आहे.

एकदा मुलगा ओरडला, “बाबा, काहीतरी छंद लावून घ्या.”

पंत आज्ञाधारक बाप होते. त्यांनी घरी बियर बनवायचं ठरवलं.

आता बियर म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी धरून चालतो. तुमचे बाबाही तसंच धरून चालतात. नदीकाठी माणसांची सहल येऊन गेली होती आणि तिथल्या एका बाटलीच्या तळातला थेंब पंतांनी चाटला होता. तेवढ्यावरून त्यांना कळलं, की बियर धान्याची असते, फेसाळते आणि कडू लागते. एवढ्या माहितीवर माणसं व्याख्यानं देतात. पंतांनी नुसतं मडकं उतरवलं.

त्यांनी रानातला सावा भिजवला. त्याला मोड आणले. ते उन्हात वाळवले, दगडावर भरडले आणि टेकडीमागच्या उकळत्या झऱ्यात चांगले शिजवून घेतले. आंबायला मोहाची फुलं टाकली. आणि कडूपणा यावा म्हणून त्यांना जंगलात जे सर्वात कडू माहीत होतं ते घातलं. काडेचिराईत. ताप आल्यावर ज्याचा काढा नाक दाबून पाजतात ना, तेच. पंतांनी ते मूठभर घातलं. मूठ अस्वलाची होती.

मग त्यांनी मडक्याच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. बायको लोणच्याच्या बरणीला बांधायची, अगदी तसा, गच्च. वरून चिखल लिंपला. लोणचं मुकाट्याने मुरतं. बियर आंबताना आतून फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते, हे पंतांना कुणी सांगितलं नव्हतं.

एके दुपारी सगळी टेकडी आपापल्या दगडाआड झोपलेली असताना मडकं फुटलं.

शिकाऱ्याची बंदूक, असं सगळ्यांना वाटलं. सगळे दगड एकदम सरकले आणि सगळे अंगणात धावत आले. इंदूबाईंच्या पिल्लांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “आई, हे सगळे कोण?”

“आपले शेजारी,” इंदूबाई म्हणाल्या. खात्री करून घेतल्यासारख्या त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

पंत गुहेच्या दारात उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. नाकावर फेस होता.

“बार नव्हता तो,” ते म्हणाले. “बियर होती.”

“फुटणारे पदार्थ घरात ठेवू नयेत, अशी सूचना लावावी लागेल,” सुलभाताई म्हणाल्या. पण त्या लगेच लावायला गेल्या नाहीत. कुणीच लगेच आत गेलं नाही. सगळे उगाच थोडा वेळ उभे राहिले.

पंतांना फार अपराधी वाटलं. त्यांनी पुन्हा बियर केली. या वेळी दादरा सैल बांधला. तयार झाल्यावर लहान लहान मडक्यांत भरली आणि घरोघरी नेऊन दिली. “त्या दिवशी तुमची झोपमोड झाली. गोड मानून घ्या,” असं म्हणाले.

ती गोड मानून घेणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. सुलभाताईंनी एक घोट घेतला आणि त्यांचे काटे आपोआप उभे राहिले. इंदूबाई रोज काय काय खायच्या ते मी सांगत नाही, पण त्यांनासुद्धा ती गिळवेना. अण्णा घोरपड तोंड उघडं टाकून बराच वेळ भिंतीला चिकटून राहिले. सगळ्यांनी आपापली बियर गुपचूप ओतून दिली.

ओतली, पण मडकं राहिलं. आणि मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. कुणी आपल्याकडे भांड्यातून काही पाठवलं, तर ते भांडं रिकामं परत करायचं नाही. तुमच्या घरीही आई शेजारच्या डब्यात काहीतरी घालूनच देते. जंगलात कुणी कुणाला खाल्लं तरी चालून जायचं, पण रिकामं भांडं परत गेलं की लोक नावं ठेवायचे. त्यामुळे सुलभाताईंनी मडक्यात करवंदं घातली. इंदूबाईंनी उकरून आणलेले कंद घातले. अण्णांनी धावड्याचा डिंक घातला. तिघेही पंतांच्या दारी जाऊन तेच म्हणाले.

“छान होती हं. जरा वेगळी होती.”

पंतांनी भरलेली मडकी पाहिली. आपली बियर इतकी आवडली की लोक घरातलं काढून देतायत, असं त्यांना वाटलं. घशाशी आलेला हुंदका त्यांनी खाकरून मागे ढकलला, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट सावा भिजत घातला.

मग हे चालूच राहिलं. मडकी जायची, मडकी यायची. पंतांचा उत्साह वाढत गेला आणि शेजाऱ्यांची पंचाईत वाढत गेली. ओतायची तरी कुठे? सुलभाताईंच्या दारातली करवंदीची जाळी माना टाकू लागली. इंदूबाईंनी डबक्यात ओतली, तर पिल्लं दिवसभर एकमेकांच्या अंगावरून चालू लागली. अण्णा आपल्या गुहेमागच्या भेगेत ओतायचे. ती भेग थेट सुलभाताईंच्या अंथरुणावर उघडत होती.

सुलभाताई तरातरा वर आल्या. “अण्णा, हे काय आहे?”

अण्णा ओशाळले. “पंतांची बियर आहे. काय करू ताई, पिववत नाही. नाही म्हणवत नाही.”

सुलभाताईंचे काटे हळूहळू खाली बसले. “मी करवंदीला घालते,” त्या म्हणाल्या. “ती मरायला टेकली आहे.”

अण्णा हसले. मग सुलभाताई हसल्या. त्या हसतात, हे टेकडीला तोवर ठाऊक नव्हतं. आवाज ऐकून इंदूबाई आल्या आणि त्यांनी पिल्लांची हकिकत सांगितली. तिघांनी मिळून मोठा विचार केला. प्रत्येकाच्या घरी मडकंभर येण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच मडकं संपवलं, तर वाट्याला घोट-दोन घोटच येतील.

“पंत,” सुलभाताईंनी जाऊन सांगितलं, “घरोघरी कशाला पाठवता? आम्हीच संध्याकाळी येत जाऊ की. बेहड्याखाली बसू सगळे.”

“सगळे?” पंतांनी विचारलं. त्यांनी दोनदा विचारलं.

पहिल्या संध्याकाळी चव मारायला प्रत्येकाने काहीतरी खायला आणलं. आणि बसल्यावर सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बोलत असताना पिता येत नाही. म्हणून ते बोलू लागले.

इतके बोलले, मुलांनो, इतके बोलले. अण्णांनी आपली शेपूट कशी तुटली ते सांगितलं. इंदूबाईंनी आपलं माहेर सांगितलं. मडकं आपल्याकडे येतंय असं दिसलं की जो तो घाईघाईने पुढची गोष्ट काढायचा. एकदा कुणाकडेच काही उरलं नाही तेव्हा सुलभाताई चक्क गायल्या. पंतांनी आपल्या बायकोबद्दल सांगितलं. ती दादरा कसा बांधायची ते दोन्ही पंजांनी करून दाखवलं. त्या वेळी मात्र सगळ्यांनी न सांगता एकेक घोट घेतला.

बसून बसून सुलभाताईंना काटे मिटून बसायची सवय लागली आणि इतरांना त्यांच्या शेजारी बसायची. इंदूबाईंचं धाकटं पिल्लू एकदा काटेरी चिलारीत अडकलं, तेव्हा सुलभाताईच आत घुसून त्याला घेऊन आल्या. पिल्लं पंतांच्या पोटावर झोपू लागली. सूचनांवर कोळ्यांनी जाळी केली. पलीकडून मुलगा ओरडला, “बाबा, जेवलात का?” तेव्हा इकडून चौघांनी मिळून उत्तर दिलं, आणि ते नदीपार पोचलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात टेकडीवर एक प्रामाणिक प्राणी राहायला आला.

त्याचं नाव विश्वजीत कोल्हा. तो शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या उकिरड्यावर राहून आला होता, त्यामुळे खाण्यापिण्यातला जाणकार होता. शेजारधर्म म्हणून पंतांनी त्यालाही बोलावलं. त्याने घोट घेण्याआधी मडकं हलवलं. मग हुंगलं. मग घोट घेतला, तोंडात फिरवला आणि सगळ्यांदेखत थुंकला.

“पंत, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण मला खोटं बोलता येत नाही.”

असं म्हणणारा कुणी भेटला, तर मुलांनो, आधी आपली पिल्लं मोजावीत.

“ही बियर नाही,” विश्वजीत म्हणाला. “हा तापावरचा काढा आहे. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही?”

पंतांनी एकेकाकडे पाहिलं. अण्णा झाडाकडे बघत होते. इंदूबाई पिल्लाचं न वाहणारं नाक पुसत होत्या.

“सुलभाताई,” पंत म्हणाले, “तुम्ही तर म्हणाला होतात छान आहे.”

“वेगळी आहे म्हणाले होते,” सुलभाताई हळूच म्हणाल्या.

पंत उठले. मडकं तिथेच ठेवून गुहेत गेले, आणि त्यांनी दगड लावून घेतला.

“बघा,” विश्वजीत म्हणाला, “खरं बोललं की कसं मोकळं वाटतं.”

विश्वजीत दुष्ट नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, त्याला टेकडीवरून हाकलून देता आलं असतं. पण तो बरोबर होता आणि वर मदतीला तयार होता. दुसऱ्याच दिवशी त्याने पंतांना हाक मारली. चिराईत काढायला लावलं. संत्र्याची साल थोडीशी घालायला सांगितली. मडकं सावलीत ठेवायचं, घाई करायची नाही, वरचं निवळ तेवढं घ्यायचं, हे शिकवलं. पंत मुकाट्याने शिकले. आता तरी लोक खरंच येतील, असं त्यांना वाटलं.

बियर उत्तम झाली. इतकी उत्तम की पहिल्या घोटाला सगळे गप्प झाले. दुसऱ्यालाही गप्पच राहिले. मडकं संपेपर्यंत कुणी बोललंच नाही, कारण बोलताना पिता येत नाही.

मग अण्णा म्हणाले, “पंत, जरा घरी नेऊ का? निवांत घेतो.”

इंदूबाईंनाही पिल्लांच्या कलकलाटात मजा येत नव्हती. त्यांनीही घरी नेली. खायला आणणं बंद झालं, कारण चव मारायची गरज नव्हती. भांड्यांचा प्रश्न विश्वजीतने सोडवला. त्याने बांबूच्या नळ्या कापल्या. बियर प्यायची आणि नळी फेकून द्यायची.

“भांडं घासा, त्यात काहीतरी घाला, परत न्या, मग दारात उभं राहून बोला,” तो म्हणाला. “सगळ्यांचा किती वेळ जातो.”

ते सगळ्यांना पटलं. वेळ वाचू लागला. वाचलेल्या वेळात ते आपापल्या गुहेत बसू लागले. दूरदूरचे प्राणी नळ्या न्यायला येऊ लागले, मग रांग लागली, मग रांगेत भांडणं झाली. सुलभाताईंनी कोळ्यांची जाळी झटकून नवी सूचना लावली. ‘रांगेत उभे राहावे. रांगेत गप्पा मारू नयेत.’ त्यांच्या मागेपुढे कुणी उभं राहत नसे. त्या पुन्हा म्हणू लागल्या, की मला मुळात गर्दी आवडतच नाही.

नळ्या वाटायचं काम विश्वजीत करायचा. पंत आत असायचे. भिजवायचे, भरडायचे, शिजवायचे. सगळं जंगल त्यांचं नाव घेत होतं. फक्त त्यांच्यासमोर कुणी घेत नव्हतं.

एका संध्याकाळी पलीकडून हाक आली. पंत लगबगीने काठावर गेले.

“बाबा,” मुलगा ओरडला, “बियर पाठवा.”

पंतांनी जेवणाच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही.

परत येताना ते बेहड्याखाली थांबले. दगड अगदी स्वच्छ होते. त्यांनी आपल्यासाठी ठेवलेली नळी उघडली आणि जंगलातली सर्वात उत्तम बियर एकट्याने प्यायले. कुठेही काही कमी नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि या वेळी ते खाकरले नाहीत.

मग ते उठून टेकडीमागे गेले आणि काडेचिराईत उपटून आणलं. मूठभर. दोन्ही मुठी.

ती बियर मुरून तयार झाली तेव्हा पंतांनी विश्वजीतला सांगितलं, नळ्या संपल्या, आज जरा विसावा घे. त्यांनी कोपऱ्यातली जुनी मडकी काढली, धुतली आणि स्वतः घरोघरी नेऊन दिली. “गोड मानून घ्या,” एवढंच म्हणाले. विश्वजीतच्या दारातही एक ठेवलं.

आणि मग ते अंगणात जाऊन बसले.

ऊन उतरलं. कुणी आलं नाही. पंतांना वाटलं, चुकलंच आपलं. आता नळ्यांची रांगसुद्धा गेली. लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात बिघडला, आणि दुसरी टेकडी शोधतील. त्यांनी प्रत्येक गुहेच्या दगडाकडे पाहिलं. सगळे दगड जागच्या जागी होते.

मग काट्यांची खुळखुळ ऐकू आली.

सुलभाताई मडकं घेऊन येत होत्या. मडक्यात करवंदं होती. जाळीला नव्याने लागलेली, थोडी कच्चीच.

“कशी झाली?” पंतांनी विचारलं.

सुलभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पंजांना लागलेल्या चिराईताच्या हिरव्या डागांकडे पाहिलं.

“छान झालीय,” त्या म्हणाल्या. “जरा वेगळी.”

आणि काटे मिटून त्या शेजारच्या दगडावर बसल्या.

पाठोपाठ इंदूबाई कंद घेऊन आल्या. पिल्लं थेट पंतांच्या पोटावर चढली. अण्णा डिंक घेऊन आले आणि बसता बसता शेपटीची गोष्ट सांगू लागले. ती सगळ्यांना पाठ होती. सगळ्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, कारण मडकं फिरायला लागलं होतं.

सर्वात शेवटी विश्वजीत आला. त्याच्या हातात मडकं होतं. रिकामं. उकिरड्यावर भांडी परत करायची पद्धत नसते.

“पंत,” तो तावातावाने म्हणाला, “ही बियर पार बिघडली आहे. यात कुणीतरी पुन्हा...”

तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. रागाने नव्हे. दार उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघावी तसे. त्याने गोल बसलेल्यांकडे पाहिलं. अण्णा आणि इंदूबाईंच्या मधला एक दगड रिकामा होता. शहरातून आल्यापासून विश्वजीत रोज एकटाच जेवत होता. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

“काय म्हणत होतास?” सुलभाताईंनी विचारलं.

विश्वजीतने रिकाम्या मडक्यात पाहिलं. मग वाकून बेहड्याखाली पडलेलं एक पिकलं फळ उचललं आणि त्यात टाकलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “जरा वेगळी आहे, एवढंच.”

तो त्या दगडावर बसला आणि अण्णांनी त्याच्याकडे मडकं दिलं. कोल्ह्याने डोळे मिटून घोट घेतला, आणि घाईघाईने हॉटेलमागच्या उकिरड्याची गोष्ट सुरू केली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे आणि प्रत्येक काम उत्तम करावे. म्हणजे शेजाऱ्यांचा त्रास राहत नाही.